पट्टावाहक : इतिहास व अभिकल्प

पट्टावाहक : दोन टोकांच्या कप्प्यांभोवती सतत फिरत राहणाऱ्या अंतहीन पट्ट्यावरून माल अखंड प्रवाहाच्या रूपाने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणाऱ्या यंत्रणेस पट्टावाहक असे म्हणतात. कोळसा, धातुके, खडी, वाळू, चुनखडक, धान्य, मीठ, खते, उसाचे चिपाड (बगॅस) इ. पदार्थ पोत्यात वा पेटीत न भरता राशीच्या स्वरूपातच हाताळले जातात. त्यांना सुटा माल म्हणतात. असा माल हलविण्याच्या इतर बहुतेक पद्धती खेपेखेपेने चालणाऱ्या आहेत. डोक्यावरची पाटी, बैलगाडी, मालमोटार वा रेल्वेची वाघीण ही साधने भरून जातात, रिकामी होतात व रिकामीच परत येतात. पट्टावाहकाचाही निम्मा पट्टा खालच्या बाजूने रिकामा परत येतो. पण त्यासाठी माल थांबून राहत नाही. हे सातत्यच या यंत्रणेचे वैशिष्ट्य होय. तिचे अवगुणही याच सातत्यातून उद्भवतात, कारण एक कडी तुटली की संपूर्ण मालिका बंद पडते. पट्टावाहकाच्या अभिकल्पाचा इतिहास हा पुष्कळ अंशी अशा दुबळ्या कड्या ओळखण्याचा इतिहास आहे.

पट्टावाहकाचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे असतात : पट्टा, त्याला गती देणारी चालक कप्पी व दुसऱ्या टोकाची पुच्छ कप्पी, विद्युत् चलित्र व गती कमी करणारी दंतचक्रपेटी, भरलेल्या व रिकाम्या पट्ट्याला खालून आधार देणारे रूळ, पट्टा ताणलेला ठेवणारी ताणयंत्रणा, माल पट्ट्यावर सोडणारी व पुढच्या पट्ट्यावर पोहोचविणारी घसरणी, आणि पट्ट्याला चिकटलेला माल खरवडून काढणारी पाती.

इतिहास : फिरत्या पट्ट्यावरून धान्य सरकविण्याची कल्पना अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रत्यक्षात आली. अमेरिकन अभियंते ऑलिव्हर एव्हान्झ (१७५५–१८१९) यांनी स्वयंचलित पीठगिरणीची रचना केली. तीत डोलवाहक (पट्ट्यावर बसविलेल्या लहान बादल्यांचा उच्चालक), मळसूत्री वाहक व रुंद पट्टा ही साधने एकमेकांना जोडलेली होती. त्यामुळे धान्य आत येण्यापासून पीठ बाहेर पडेपर्यंत त्याला माणसाचा हात लावावा लागत नसे. गिरणीबांधणीवरील त्यांचा ग्रंथ १७९५ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि त्या काळचे चामड्याचे व जाड कापडाचे पट्टे धान्यासारख्या हलक्या, कोरड्या व न झिजविणाऱ्या मालापुरतेच उपयोगी होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिव्हरपूल बंदराच्या धान्यगोदामांत पट्टावाहकांवर प्रयोग झाले. सपाट पट्टा बऱ्यापैकी वेगाने फिरविला तरी धान्य त्यावरून सांडत नाही आणि वाटेत हव्या त्या जागी ते पट्ट्यावरून उतरविता येते, असे त्यांवरून दिसून आले.

कठीण व धारदार माल वाहण्याचा प्रश्न सुटण्यास आणखी दोन दशके लागली. टॉमस आल्वा एडिसन (१८४७–१९३१) यांनी न्यू जर्सीतील ऑग्डेन येथे हलक्या प्रतीच्या लोहधातुकाचे चुंबकीय सांद्रीकरण करण्याचा कारखाना उभारला होता. तेथील पट्टे धातुकाच्या कडांमुळे थोड्याच काळात फाटत. टॉमस रॉबिन्स (१८६८–१९५७) यांनी १८९१ पासून या प्रश्नात लक्ष घातले. त्यांच्या असे लक्षात आले की, पट्ट्यातील कापडाचे थर झिजून जातात. पण त्यांवरचा रबराचा पातळ थर मात्र तुलनेने टिकून राहतो. पट्ट्याला ताकद कापडाने द्यावयाची व झीज रबराने सोसावयाची, अशी कामाची वाटणी त्यांनी केली आणि मालाच्या बाजूचे रबराचे आवरण जाड केले. पट्ट्याला पन्हळीचा आकार देण्यासाठी मधला रूळ आडवा व बाजूचे दोन रूळ तिरपे, अशी तीन रुळांची मांडणीही त्यांनी प्रचारात आणली. रॉबिन्स यांच्या पट्टावाहकाला १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. एडिसन यांचा कारखाना मेसाबी पर्वतराजीतील स्वस्त धातुकाच्या स्पर्धेमुळे बंद पडला. परंतु त्यातून निघालेला पट्टा जगभर पसरला. आजच्या पट्टावाहकाची मूळ घडण रॉबिन्स यांनी ठरविलेलीच आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी पट्टावाहक भूमिगत कोळसाखाणींत शिरला. रिचर्ड सटक्लिफ यांनी १९०५ मध्ये खाणीसाठी खास पट्टावाहक तयार केला. नंतरच्या काळात अनेक पट्टे एकापुढे एक ठेवून काही किलोमीटर अंतर तोडणाऱ्या मालिका उभ्या राहिल्या. कॅलिफोर्नियातील शास्ता धरणाच्या बांधकामासाठी १९४० मध्ये सुरू झालेली मालिका सु. १५·५ किमी. लांबीची असून तीत २६ पट्टे होते. नदीपात्रातील वाळू व गोटे या मार्गाने डोंगर ओलांडून धरणाच्या जागी नेण्यात येत. एक कोटी टनांहून अधिक माल तीवरून वाहण्यात आला. कापडाच्या थरांऐवजी पोलादी तारांचे दोर रबरात बसविलेले पट्टे १९४० नंतर प्रचारात आले आणि एकेका पट्ट्याची लांबी कित्येक किलोमीटरपर्यंत वाढविता येऊ लागली. पश्चिम सहारातील बू क्रा येथील फॉस्फेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेणारी सु. ९८ किमी. लांबीची मालिका १९७२ मध्ये कार्यान्वित झाली. मेघालयातील चुनखडक सीमेपलीकडे बांगला देशातील छातक येथील सिमेंट कारखान्यास पोहोचविणारा सु. १७ किमी. लांबीचा पट्टावाहक २००० नंतरच्या दशकात सुरू झाला. तो दोन देशांना जोडणारा म्हणून उल्लेखनीय आहे.

अभिकल्पाची तत्त्वे : पट्टावाहकाचा अभिकल्प मालापासून सुरू होतो, पट्ट्यापासून नव्हे. मालाची राशी-घनता (राशीच्या एकक घनफळाचे वजन), सर्वांत मोठ्या ढेकळाचे आकारमान, ओलावा, चिकटपणा, झिजविण्याची शक्ती, तापमान व स्थिरकोन (राशीचा उतार जमिनीशी करतो तो कोन) हे गुणधर्म प्रथम निश्चित करावे लागतात. चालत्या पट्ट्यावर माल रुळारुळाला हादरत असल्याने त्याची रास स्थिरकोनापेक्षा बरीच चपटी बसते. चढाची मर्यादाही मालावरच अवलंबून असते. कोळसा वा फोडलेले धातुक गुळगुळीत पट्ट्यावरून सर्वसाधारणतः १८° ते २०° चढावर नेता येते. नदीतील गोल गोटे मात्र सु. १२° पेक्षा अधिक चढावर मागे घरंगळू लागतात.

यानंतर पट्ट्याची रुंदी व वेग ठरविण्यात येतात. दर सेकंदास वाहिल्या जाणाऱ्या मालाचे घनफळ हे राशीच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ व पट्ट्याचा वेग यांच्या गुणाकाराइतके असते. उदा., ८०० मिमी. रुंदीचा पट्टा ३५° तिरप्या रुळांवर चालत असेल व त्यावरील राशीचा उतार २०° असेल, तर छेदाचे क्षेत्रफळ सु. ०·०७ चौ. मी. येते. असा पट्टा सेकंदास १·५ मी. वेगाने फिरल्यास तासाला सु. ३७० घ. मी. माल वाहून नेऊ शकतो. वेग वाढविल्यास रुंदी कमी चालते व खर्च वाचतो. परंतु धूळ, झीज व आघात वाढतात. माल बहुतांशी ढेकळांचाच असेल, तर पट्ट्याची रुंदी मोठ्यात मोठ्या ढेकळाच्या पाचपट तरी ठेवावी, असा व्यवहारातील संकेत आहे.

लागणारी शक्ती दोन कामांत खर्च होते. माल उंच चढविणे हे पहिले काम व रूळ, पट्टा आणि माल यांच्या हालचालीतील विरोधावर मात करणे हे दुसरे. तासाला १,००० टन माल ३० मी. उंच नेण्यास केवळ उंचीसाठी सु. ८२ किलोवॉट शक्ती लागते. तोच माल समपातळीवर सु. एक किमी. नेण्यास लागणारी शक्तीही साधारणपणे याच मानाची असते. पट्टावाहक सपाटीवर किती काटकसरीने चालतो, हे यावरून ध्यानात येईल. माल उताराने खाली आणावयाचा असल्यास गणित उलट होते. पुरेसा उतार असेल, तर मालाच्या वजनानेच पट्टा ओढला जातो, चलित्र जनित्राप्रमाणे वीज निर्माण करू लागते आणि खरा प्रश्न पट्टा चालविण्याचा नसून तो आवरण्याचा असतो. छत्तीसगढमधील बैलाडिला येथील लोहखाणींत डोंगरमाथ्यावरचे धातुक खाली आणणाऱ्या वाहकांचा अभिकल्प अशाच प्रकारचा आहे.

चालक कप्पी पट्ट्याला केवळ घर्षणाने ओढते. कप्पीच्या दोन बाजूंच्या ताणांमध्ये जास्तीत जास्त किती गुणोत्तर राहू शकते, याचे सूत्र लेओनार्ड ऑयलर (१७०७–८३) यांच्या दोरीच्या घर्षणाविषयीच्या विवेचनातून मिळते. हे गुणोत्तर घर्षणांक व पट्ट्याने कप्पीला दिलेल्या वेढ्याचा कोन यांवर अवलंबून असते व दोहोंबरोबर झपाट्याने वाढते. रबराचे अस्तर लावलेल्या कोरड्या कप्पीचा घर्षणांक ०·३५ धरल्यास अर्ध्या वेढ्याला हे गुणोत्तर सु. ३ येते. उघडी पोलादी कप्पी ओली झाल्यास घर्षणांक ०·१ पर्यंत उतरतो आणि गुणोत्तर केवळ १·४ च्या जवळपास राहते. म्हणजेच उन्हाळ्यात निर्वेध चालणारा पट्टा पावसाळ्याच्या पहिल्या सरीत कप्पीवरच घसरू लागतो. कप्पीला अस्तर लावणे, दुसऱ्या कप्पीच्या साहाय्याने वेढा वाढविणे व प्रतिभार टांगून परतीच्या बाजूचा ताण कायम राखणे हे त्यावरील उपाय होत. महाराष्ट्रासारख्या चार महिने पावसाच्या प्रदेशात ते ऐच्छिक मानता येत नाहीत.

सर्वाधिक ताण कळला म्हणजे पट्ट्याची जात निवडता येते. पूर्वी कापसाच्या जाड कापडाचे थर वापरीत. १९५० नंतर त्यांची जागा नायलॉन व पॉलिएस्टर यांनी घेतली आणि फार लांब वा उंच वाहकांसाठी पोलादी दोरांचे पट्टे रूढ झाले. पट्ट्याचा सांधा व्हल्कनीकरणाने (उष्णता व दाब यांच्या साहाय्याने रबर एकजीव करून) साधला जातो. भरलेला पट्टा सुरू करताना ताण क्षणभर फार वाढतो, म्हणून चलित्राची शक्ती सावकाश लागू करणारे द्रवीय जोड बसविण्यात येतात. चढावरचा भरलेला पट्टा वीज गेल्यास उलटा धावू नये, यासाठी मागे फिरण्यास अटकाव करणारी यंत्रणा आवश्यक असते.

भराव्याची व उतरणीची जागा हा अभिकल्पातील सर्वांत नाजूक भाग असतो. माल पट्ट्याच्या दिशेने, जवळजवळ पट्ट्याच्याच वेगाने व नेमका मध्यावर पडला पाहिजे. तो आडवा पडल्यास पट्टा एका बाजूस सरकतो व कडेने फाटतो. तो उंचावरून पडल्यास आवरणाला भोके पडतात, तर घसरणी अरुंद किंवा कमी उताराची असल्यास ओला माल तेथे तुंबतो. पट्टावाहकांच्या बऱ्याच अडचणी लांबीच्या मध्यावर नव्हे, तर या काही मीटर अंतरातच उद्भवतात.

हे अनुभव हळूहळू मानकांच्या रूपाने संकलित झाले. अमेरिकेतील वाहकयंत्र-निर्मात्यांच्या संघटनेने (स्थापना १९३३) सुट्या मालाच्या पट्टावाहकांवरील आपली मार्गदर्शिका १९६६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. भारतात पट्टावाहकांची निवड व अभिकल्प यांविषयीची संहिता, आयएस ११५९२, ही १९८५ मध्ये आली व २००० मध्ये सुधारण्यात आली.

सुरक्षितता : इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यातील क्रेसवेल कोळसाखाणीत २६ सप्टेंबर १९५० रोजी पहाटे एका उतरणीच्या जागी फाटलेल्या पट्ट्याचा तुकडा घसरणीत अडकला. वरचा पट्टा त्यावर घासत राहिला, घर्षणाने तापला व पेटला. रबर व कापड यांच्या त्या पट्ट्याने आग पुढे नेली आणि धुराने ८० कामगार मृत्युमुखी पडले. ताकद, रुंदी व वेग यांच्या दृष्टीने त्या पट्ट्यात उणीव नव्हती. तो अडला असता काय होईल, हा प्रश्न अभिकल्पात पुरेसा विचारला गेला नव्हता. या दुर्घटनेनंतर भूमिगत खाणींसाठी पीव्हीसीचे अग्निरोधी पट्टे विकसित करण्यात आले. पट्टा घसरू लागताच कप्पीची व पट्ट्याची गती ताडून चलित्र बंद करणारे साधन, घसरणी तुंबल्याची सूचना देणारा खटका व पट्टा बाजूला गेल्यास यंत्र थांबविणारा खटका ही साधनेही क्रमाने रूढ झाली.

दुसरा धोका रोजच्या कामातील आहे. पट्टा जेथे कप्पीला भिडतो, तेथे हात, कपडा वा फावडे क्षणात आत ओढले जाते. चालत्या पट्ट्याखालची सांड काढताना किंवा पुच्छ कप्पी साफ करताना असे अपघात घडतात. भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमाने यंत्राच्या धोकादायक फिरत्या भागांना संरक्षक आवरण घालणे बंधनकारक केले. पट्ट्याच्या संपूर्ण लांबीस एक दोरी बांधून ती कोठेही ओढली असता यंत्र थांबेल, अशी योजना करण्यात येते. मात्र सांडच होऊ नये अशी घसरणी करणे हा यापेक्षाही परिणामकारक उपाय होय. कारण जेथे सांड नाही, तेथे माणसाला पट्ट्याजवळ जाण्याचे कारण उरत नाही.

भारत व महाराष्ट्र : स्वातंत्र्योत्तर काळातील मोठ्या धरणांनी पट्टावाहकाचा प्रश्न निराळ्या स्वरूपात पुढे आणला. सतलजवरील भाक्रा धरणाच्या काँक्रीटसाठी लागणारी वाळू व खडी काही किलोमीटर लांबीच्या पट्टावाहकांनी आणण्यात आली. याउलट कृष्णेवरील नागार्जुनसागर धरण (१९५५–६७) दगडी बांधणीचे असून ते हजारो मजुरांच्या हातांनी उभे राहिले. दोन्ही निर्णय तंत्रदृष्ट्या योग्यच होते. माल किती, किती काळ व किती वेगाने हलवावयाचा आणि मनुष्यबळ कोणत्या दराने उपलब्ध आहे, यांवर साधनाची निवड ठरते, हे यांवरून दिसून येते.

महाराष्ट्रात पट्टावाहकांचा सर्वांत विस्तृत उपयोग औष्णिक विद्युत् केंद्रांत आढळतो. कोराडी (पहिला संच १९७४), चंद्रपूर (पहिला संच १९८३), नासिकजवळील एकलहरे, परळी इ. केंद्रांत वाघिणी उलटविणाऱ्या यंत्रापासून चुरायंत्र, साठ्याचे मैदान व बाष्पित्रावरील कोठारे यांपर्यंत कोळशाचा सारा प्रवास पट्ट्यांवरून होतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण जास्त असल्याने २१० मेगावॉटच्या एका संचाला पूर्ण भारावर तासाला सु. १४० ते १५० टन, म्हणजे दिवसाला सु. साडेतीन हजार टन कोळसा लागतो. पट्टा काही तास बंद राहिल्यास कोठारातील साठा संपतो व वीजनिर्मिती घटते. म्हणून महत्त्वाच्या मार्गावर दोन समांतर पट्टे ठेवण्याची प्रथा आहे. पावसाळ्यात मातीमिश्रित ओला कोळसा घसरणीत चिकटून बसणे ही या केंद्रांची नित्याची अडचण होय.

गोव्यात पट्टावाहकाचा संबंध लोहधातुकाच्या निर्यातीशी आहे. खाणींतील धातुक मांडवी व झुआरी या नद्यांतून बार्जद्वारा मुरगाव बंदरात येई. तेथे चौगुले उद्योगसमूहाने १९५९ मध्ये धातुक जहाजात भरण्याची यांत्रिक व्यवस्था उभारली. १९७९ मध्ये बंदराच्या नवव्या धक्क्यावर तासाला ८,००० टन क्षमतेची यंत्रणा कार्यान्वित झाली. म्हणजे सेकंदाला दोन टनांहून अधिक किंवा घनफळाच्या भाषेत सु. एक घ. मी. धातुक जहाजात पडू शकत होते. तथापि खाणीपासून नदीकाठच्या जेटीपर्यंतचा टप्पा प्रामुख्याने मालमोटारींकडेच राहिला. निर्यात २०१०-११ मध्ये पाच कोटी टनांवर गेली, तेव्हा गावांतील अरुंद रस्त्यांवरची रहदारी, अपघात व धूळ यांनी तीव्र रूप धारण केले. मालिकेतील एक कडी अवाढव्य क्षमतेची आणि तिच्या मागची कडी गावच्या रस्त्याएवढी, अशी ही विसंगती होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ मधील आदेशाने गोव्यातील खाणकाम थांबले. ते पुन्हा सुरू झाल्यावर २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविण्यात आले.

ऊसपट्ट्यातील वाहक : पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके मुळात अवर्षणप्रवण होत. नीरा डाव्या कालव्याने त्यांच्या काही भागांत बारमाही पाणी आणले व तेथे उसाची शेती वाढली. इंदापूर तालुक्यातील अंथुर्ण्याच्या परिसरात या बदलाची दोन्ही रूपे आढळतात. कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९३० नंतरच्या दशकात उभारलेले वालचंदनगर हे खाजगी भांडवलाचे, तर भवानीनगरचा श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना हे शेतकऱ्यांच्या सहकाराचे उदाहरण होय. बारामती तालुक्यातील माळेगाव व सोमेश्वर हे कारखानेही याच सहकारी परंपरेतील आहेत. तिचा प्रारंभ अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील प्रवरा कारखान्याच्या १९५०-५१ च्या पहिल्या गळीत हंगामाने झाला. वालचंदनगर येथे पुढे साखर व सिमेंट कारखान्यांची यंत्रसामग्री बनविणारा मोठा अभियांत्रिकी कारखाना विकसित झाला. त्यामुळे जी यंत्रे पूर्वी परदेशांतून आणावी लागत, ती उसाच्या शेतांमध्येच घडू लागली.

साखर कारखान्यात एकाच छपराखाली अनेक प्रकारचे वाहक आढळतात आणि प्रत्येक ठिकाणी कोणता वाहक का, हा प्रश्न अभिकल्पाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. कारखान्याचा हंगाम ज्या गव्हाणीत मोळी टाकून सुरू होतो, ती गव्हाण म्हणजे पोलादी पट्ट्या बसविलेला साखळीवाहक होय. यारीने उचललेल्या उसाच्या मोळ्या तीत उंचावरून पडतात. तो आघात रबरी पट्ट्याला सोसवणार नाही. ऊस कापून व तंतू मोकळे करून झाल्यावर मात्र पुष्कळ कारखान्यांत तो वेगवान रबरी पट्ट्यावर घेतात. पातळ थरात पसरलेल्या या चुऱ्यातून लोखंडाचे तुकडे चुंबकाने वेचून काढता येतात व चरकाचे लाट वाचतात. दमट साखर पट्ट्याला चिकटते, म्हणून ती ग्रासहॉपर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपवाहकावरून पुढे नेतात. पोत्यांची चढ-उतार गोदामात पट्टावाहकांनी होते.

बगॅसच्या बाबतीत वजनापेक्षा घनफळ महत्त्वाचे ठरते. रोज २,५०० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात उसाच्या सु. ३० टक्के, म्हणजे दिवसाला सु. ७५० टन व तासाला सु. ३१ टन बगॅस निघते. तिची राशी-घनता घ. मी.ला सु. १२० किग्रॅ. धरल्यास हे घनफळ तासाला सु. २६० घ. मी. होते. तेवढ्याच वजनाच्या कोळशाचे घनफळ सु. ४० घ. मी. भरले असते. केवळ टनांवरून वाहकाची रुंदी ठरविल्यास तो सहा-सात पटींनी अपुरा पडेल. बाष्पित्रांच्या माथ्यावरून बगॅस वाटण्यासाठी फळ्या लावलेला खरवडवाहक वापरतात, कारण त्याच्या तळाची दारे उघडून एकाच वाहकातून अनेक बाष्पित्रांना इंधन सोडता येते. शिल्लक बगॅस मैदानात नेणे व गरजेनुसार परत आणणे हे काम पट्टावाहकाकडे असते. बगॅसपासून सहवीजनिर्मिती सुरू झाल्यापासून या परतीच्या पट्ट्याचे महत्त्व वाढले आहे. पूर्वी तो बंद पडला, तर मैदानातील ढीग वाढे. आता विजेचे उत्पन्न थांबते. कोरड्या बगॅसचा भुगा ज्वालाग्राही असल्याने अडकलेल्या रुळाच्या घर्षणापासून आग लागण्याचा धोका येथेही असतो आणि रोजची साफसफाई हाच त्यावरील पहिला उपाय ठरतो.

मनुष्यबळाचा प्रश्न : तासाला १०० टन माल नेणारा साधा पट्टावाहक २० किग्रॅ.च्या ५,००० घमेल्यांचे काम करतो. ही घमेली ज्यांच्या डोक्यावरून जात, त्यांच्या दृष्टीने पट्ट्याचा अर्थ दुहेरी आहे. वजने वाहून होणारी मणक्याची व गुडघ्यांची हानी, धूळ व उष्णता यांतून त्यांची सुटका होते. पण त्याचबरोबर रोजगारही जातो. महाराष्ट्रात अंगमेहनतीच्या कामगारांना नोकरीची व कल्याणाची हमी देणारा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम १९६९ मध्ये संमत झाला. ओझे वाहणे हे नियमनास पात्र असे कष्टाचे काम आहे, हे त्याने मान्य केले. साखरेचे पोते पूर्वी १०० किग्रॅ.चे असे, पुढे ५० किग्रॅ.चे रूढ झाले. ऊसतोडणी व मोळ्या वाहणे हे काम मात्र अद्याप मोठ्या प्रमाणावर स्थलांतरित मजूर जोडप्यांकडेच आहे. गव्हाणीच्या आत मालाला हात लागत नाही व गव्हाणीच्या बाहेर तो डोक्यावरूनच येतो, अशी या उद्योगाची रचना आहे.

अलीकडील प्रगती : १९७० नंतर जपानमध्ये पट्टा गोल गुंडाळून त्याची नळी करणारा नलिकावाहक विकसित झाला. त्यातून धूळ उडत नाही, माल सांडत नाही व वळणेही घेता येतात. त्यामुळे वस्त्यांजवळून जाणाऱ्या मार्गांसाठी तो विशेष उपयुक्त ठरतो. मुरगावजवळील वास्को शहरातील नागरिकांनी कोळशाच्या धुळीविषयी दीर्घकाळ तक्रारी केल्या आहेत. अशा ठिकाणी उघड्या पट्ट्याची झाकण, पाण्याचे फवारे व बंदिस्त वाहक हे अभिकल्पाचे अविभाज्य भाग मानले पाहिजेत. फार लांब पट्टे सुरू वा बंद होताना त्यांतून ताणाच्या लहरी धावतात. त्यांचे गणित संगणकाच्या साहाय्याने करण्यात येते. पोलादी दोर तुटल्याचा शोध चुंबकीय पद्धतीने, तर तापलेल्या रुळांचा शोध अवरक्त किरणांच्या साहाय्याने घेण्यात येतो. ही साधने नवी असली, तरी त्यांमागचा हेतू रॉबिन्स यांच्या काळापासूनचाच आहे : पट्टा कोठे झिजेल, कोठे अडेल व अडल्यास त्याच्याजवळ कोण उभे असेल, हे आधी ओळखणे.